परदेशी विद्यापीठाशी नर्सिंग कॉलेजचा करार: आपण नेमकं काय मागायचं?

सुईदोरा · मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय.

मी सोलापुरातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. सहा वर्षं वॉर्डात ड्युटी केली, मग एम.एस्सी., आणि आता आठ वर्षं मेडिकल-सर्जिकल शिकवतेय. परवा प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठाच्या नर्सिंग विभागाची तीन माणसं पुढच्या महिन्यात येतायत. सामंजस्य करार करायचाय, तर ‘स्कोप ऑफ कोलॅबोरेशन’चं पान तू लिही. मीच का, तर माझं इंग्रजी बरं आहे म्हणे.

आधीच्या दोन करारांच्या फायली काढल्या. दोन्हींत अगदी तीच वाक्यं. विद्यार्थी-शिक्षक देवाणघेवाण, संयुक्त संशोधन, परिषदा, आणि शेवटी ‘परस्पर हिताचे अन्य कोणतेही क्षेत्र’. एका करारातून दोन वेबिनार झाले. दुसऱ्यातून एक फ्रेम झाली. ती प्राचार्यांच्या केबिनबाहेर पाण्याच्या फिल्टरच्या वर टांगलेली आहे.

या वेळी मला तसलं पान लिहायचं नाहीये, पण मागायचं काय हेच सुचेना. देवाणघेवाण म्हटलं की त्यांच्या मुली इथे दोन आठवडे येऊन जाणार. आमच्या मुलींचा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट कोण भरणार? निम्म्या मुलींच्या आया विड्या वळतात, वडील लूमवर नाहीतर रिक्षावर. संयुक्त संशोधन म्हटलं की आम्ही फॉर्म भरून द्यायचे आणि पेपर तिकडे छापून यायचा.

असे करार कुणी जवळून पाहिलेत का? इथले, बाहेरचे, कुठलेही. टिकले ते कशामुळे आणि बसले ते कशामुळे?

कडक_भाकरी · मंगळवार, रात्री १०.५२

ताई, एकच विचारतो. नॅकची, कॉलेजला ग्रेड देणारी, टीम कधी यायलीय?

सुईदोरा · मंगळवार, रात्री १०.५५

दिवाळीनंतर. बरोबर ओळखलंत.

कडक_भाकरी · मंगळवार, रात्री ११.०३

मग काय राव. करार किती, त्यातून कार्यक्रम किती, ह्याला मार्क असतेत. पाहुण्यांना चादर, शाल, शेंगा चटणीचं पाकीट, सिद्धेश्वराच्या तळ्यावर फोटो. पुढच्या वर्षी पुन्हा नवे पाहुणे. आमच्या इंजिनिअरिंगवाल्यांनी दहा-दहा करार करून ठेवलेत, तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेताय?

निवृत्त_अधिसेविका · बुधवार, सकाळी ६.१५

घोर लावून घेतेय तेच बरं आहे बाळ. लिही तू.

माझी सदतीस वर्षं सरकारी नोकरीत गेली, शेवटची पाच मेट्रन म्हणून. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगत नाही, त्याला आता वीस वर्षं झाली. परदेशातून एक पथक आलं होतं. माणसं भली होती. त्यांनी एक मॅनिकिन दिलं, म्हणजे सरावाचा पुतळा, छाती दाबली की दिवा लागायचा. तीन दिवस प्रशिक्षण झालं, सगळं इंग्रजीत. आमच्या ज्या सिस्टर्स रोज रात्री चाळीस-चाळीस पेशंट सांभाळायच्या त्या मागच्या बाकावर गप्प बसून होत्या. पथक गेलं. मॅनिकिनची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला झाली आणि ते कपाटात गेलं. कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे. तो रजेवर असला की वर्ग नाही, आणि तो हजर असला की म्हणायचा, मोडलं तर भरून कोण देणार? मी निवृत्त झाले तेव्हा त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. आपल्याकडचं नर्सिंगचं शिक्षण उभंच बाहेरच्या माणसांच्या हातून राहिलं. आपल्या शेजारचं मिरज घे. वानलेस १८८९ ला हिंदुस्थानात आले, १८९४ ला हॉस्पिटल काढलं आणि १९२८ पर्यंत राहिले. वेल्लोरला आयडा स्कडरबाईंनी १९०९ ला नर्सिंग स्कूल काढलं. तिथे आणि दिल्लीला १९४६ साली डिग्रीचं शिक्षण सुरू झालं. हे लोक वर्षानुवर्षं एका जागी राहिले, इथली भाषा बोलले, आणि आपल्या हाताखाली पुढची बाई तयार केली. धर्मप्रचाराचा भाग होता, तो कुणी नाकारत नाही. पण वॉर्डात उभं राहून शिकवलं.

तुझ्या पाहुण्यांना तीन वर्षं राहा म्हणता येणार नाही. पण हे विचार: तुमच्यातलं कुणी आमच्या वॉर्डात, आमच्या परिसेविकेबरोबर (वॉर्डच्या सिस्टरबरोबर), सलग सहा आठवडे उभं राहील का? आणि तेवढ्या दिवसांत आमच्या ट्यूटरला वर्गातून सोडायला आमचं कॉलेज तयार आहे का? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो त्यांना नाही, तुझ्या प्राचार्यांना विचारायचाय.

सुईदोरा · बुधवार, सकाळी ७.४०

मॅडम, दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलंत. आमच्याकडे विद्यार्थिनी वॉर्डात असतात तेव्हा मी वर्गात असते, आणि मी वॉर्डात जाते तेव्हा त्या केस बुक भरत बसलेल्या असतात. सिस्टर त्यांना बीपी घ्यायला आणि लॅबमध्ये सॅम्पल पोचवायला पाठवते. तिचंही चुकत नाही, तिला माणसं कमी आहेत. क्लिनिकल टीचिंग म्हणजे हजेरीपटावरची सही.

किगाली_ते_कुर्डुवाडी · बुधवार, दुपारी १.२०

मी नर्सिंगमधला नाही. पण ऑक्सिजन प्लांटच्या कंपनीतर्फे २०१३ ते २०१६ रवांडात होतो, सरकारी हॉस्पिटलांत रोजचं जाणं-येणं. तुम्ही म्हणताय तो प्रयोग तिथे देशपातळीवर चालू होता.

रवांडा सरकारने २०१२ ला सात वर्षांचा कार्यक्रम काढला, नाव ‘ह्युमन रिसोर्सेस फॉर हेल्थ’. अमेरिकेतली मेडिकल, नर्सिंग, डेंटलची बरीच विद्यापीठं त्यात होती. मला आवडलं ते हे की अमेरिकेचा पैसा थेट रवांडाच्या आरोग्य मंत्रालयाकडे यायचा आणि मंत्रालय त्या विद्यापीठांशी करार करायचं. म्हणजे यजमानाच्या हातात तिजोरी. विद्यापीठांनी प्रशासकीय खर्च म्हणून सात टक्क्यांहून जास्त कापायचा नाही, असं ठरवून दिलेलं. एरवी ही मंडळी किती कापतात ते ऐकलंत तर चक्कर येईल.

येणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला एक स्थानिक जोडीदार. त्याला ‘ट्विनिंग’ म्हणायचे. कल्पना झकास, पण मी पाहायचो ना, तो जोडीदार सापडायचाच नाही! तो वॉर्ड चालवायचा, परीक्षा घ्यायचा, मंत्रालयाच्या मीटिंगला जायचा. अमेरिकन बाई बिचारी कॉरिडॉरमध्ये त्याची वाट बघत उभी. २०१७ ला अमेरिकेने पैसे थांबवले. पुढे २०२० ला त्यांच्याच नॅशनल अकॅडमीजचा मोठा मूल्यमापन अहवाल आला, त्यातही या जोड्या सगळीकडे सारख्या जमल्या नाहीत असं आहे. पण नवे अभ्यासक्रम सुरू झाले, शिकवणारी माणसं वाढली, ते काही पुसलं गेलं नाही.

तिथे नर्सेसच्या पायऱ्या आहेत. ए-टू म्हणजे शाळेच्या पातळीवर शिकलेली, ए-वन डिप्लोमा, ए-झीरो डिग्री. सरकारचा जोर ए-टूना वर न्यायचा. आपल्याकडच्या एएनएम (गावातली सहायक नर्स), जीएनएम (डिप्लोमा), बी.एस्सी.सारखंच, पण त्यांनी आकडा ठरवून केलं.

जाता जाता, तिथे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळा देश रस्ते झाडतो. होटगी रोडवर करून बघू एकदा.

लीड्सची_सून · बुधवार, संध्याकाळी ६.०५ (इकडे दुपार)

माहेर अक्कलकोट, जीएनएम सोलापुरातच, आता दहा वर्षं इंग्लंडात रजिस्टर्ड नर्स. थोडं कडू बोलणार आहे.

सुईदोराताई, पाहुणे आले की आधी हे तपासा की हे शिकवायला आलेत की माणसं न्यायला. दोन्ही वाईट नाही. मी स्वतः आले, माझ्या पगारावर भावाचं घर झालं. पण एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा नर्सिंग अहवाल आहे: जगात २ कोटी ७९ लाख नर्सेस, तरी ५९ लाखांची तूट, आणि तुटीतली जवळपास ८९ टक्के गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत. दर आठांतली एक नर्स जन्मली किंवा शिकली एका देशात आणि काम करते दुसऱ्यात. त्या आठांतली एक मी. २०२५ च्या नव्या अहवालातही तूट ५८ लाखच. पाच वर्षांत हललं ते एवढं.

याच संघटनेने २०१० ला परदेशी भरतीची आचारसंहिता केली आणि २०२३ ला ५५ देशांची यादी काढली, की इथून नर्सेस ओढून नेऊ नका. त्या यादीत भारत नाही. म्हणून सगळ्यांच्या नजरा आपल्या कॉलेजांवर आहेत.

मुलीचा_बाप · बुधवार, रात्री ९.३०

माझी मुलगी सेकंड इयरला आहे, कॉलेज सांगत नाही. तिथे एक माणूस येऊन गेला. म्हणे जर्मन विद्यापीठाशी टाय-अप आहे, जर्मन भाषेचा क्लास आणि ‘प्रोसेसिंग’ मिळून साडेतीन लाख. भरावेत का?

लीड्सची_सून · बुधवार, रात्री ९.५०

काका, थांबा. आधी एवढं विचारा की विद्यापीठाशी टाय-अप म्हणजे कोणत्या विद्यापीठाशी, आणि करार दाखवा. नर्स म्हणून नोंदणी कुठल्याही टाय-अपने मिळत नाही, ती त्या त्या देशाची यंत्रणा देते. जर्मनीत भाषेची साधारण बी-टू पातळी लागते, तिथे पदवीची मान्यता वेगळी घ्यावी लागते. आमच्याकडे आधी संगणकावरची परीक्षा आणि मग इथे येऊन प्रात्यक्षिकाची, ओस्की. आणि इंग्लंडच्या आचारसंहितेत तर उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायलाच मनाई आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ ला जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सिंग आहे. आधी सरकारी दारात चौकशी करा, मग त्या माणसाचा फोन उचला.

मुलीचा_बाप · बुधवार, रात्री ९.५८

बरं झालं विचारलं. उद्या जातो.

बार्शीची_पोर · गुरुवार, सकाळी ११.१०

एम.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष. थिसिसचा आराखडा, सिनॉप्सिस, तिसऱ्यांदा परत आलाय, त्यामुळे मूड तसाच आहे.

सगळे रवांडा-इंग्लंड करतायत, पण जगातल्या नावाजलेल्या भागीदारीच्या संशोधनांपैकी एक आपल्या बार्शीतून झालंय. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली खेड्यातली ही पहिली. त्या पायावर १९९९ ला शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी, म्हणजे ट्रायल, सुरू झाली. फ्रान्समधल्या लियोंची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शी. पैसा गेट्स फाउंडेशनचा. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. निष्कर्ष २००९ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले: आयुष्यात एकदा एचपीव्ही (हा कॅन्सर ज्याने होतो तो विषाणू) तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीच आधी करा म्हणते, त्यामागच्या पुराव्यांत आपल्या भागातल्या बायका आहेत.

आणि हे सगळं शक्य कुणामुळे झालं? गावोगाव जाऊन, देवळात नाहीतर शाळेत टेबल मांडून, बायकांना समजावून तपासणी करणाऱ्या एएनएम आणि आरोग्यसेविकांमुळे. लाज वाटून दारातून परत गेलेल्या बाईला पुन्हा बोलावून आणणं हे कुठल्या प्रोटोकॉलमध्ये नसतं.

आमच्या कॉलेजात या चाचणीचं नावही निघत नाही. आमचे थिसिस तुम्हाला माहीतच आहेत: ‘अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता, निवडक शाळेत, सोलापूर येथे’. साठ जणांना आधी प्रश्नावली, मग चार्ट दाखवून व्याख्यान, सात दिवसांनी तीच प्रश्नावली. मार्क वाढतात. न वाढून कुठे जातील!

चिरफाड · गुरुवार, दुपारी ४.४५

बार्शीच्या ताईंनी छान लिहिलंय, पण अर्धंच लिहिलंय. तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ बायकांना काय मिळालं? ‘नेहमीची सेवा’. त्या काळी खेड्यात नेहमीची सेवा म्हणजे शून्य. तपासणीचा उपयोग होतो हे श्रीमंत देशांत पॅप स्मिअरवरून (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन बघणं) आधीच कळलेलं असताना इथल्या बायकांना बिनतपासणीचं का ठेवलं, यावर पुढे बरीच टीका झाली. मी सर्जन आहे, पुढे गेलेला हा कॅन्सर ऑपरेशन टेबलवर पाहिलाय. ते ६४ आकडा म्हणून वाचवत नाहीत.

बार्शीची_पोर · गुरुवार, संध्याकाळी ५.३०

सर, टीका मला मान्य आहे. पण पॅप स्मिअरला दर काही वर्षांनी बोलावणं, स्लाइड वाचणारे तज्ज्ञ, प्रयोगशाळा लागते. ते आपल्याकडे चालेल का, हाच तर प्रश्न होता. याच चाचणीत पॅपचा गट होता आणि व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचा गटही होता. एकदाच केलेल्या त्या तपासण्यांनी मृत्यूत ठोस घट दिसली नाही, एचपीव्हीने दिसली. हे आधी कुणालाच माहीत नव्हतं.

चिरफाड · गुरुवार, संध्याकाळी ५.४१

शास्त्र म्हणून मान्य. माझा मुद्दा वेगळा आहे. तुलनेचा गट कसा असावा हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती गावातली एएनएम होती का? असती तर तिने विचारलं असतं, ‘शेजारच्या गावाला काय सांगू?’ सुईदोराताई, तुमच्या करारात हे टेबल मागा.

फाइल_पुढे_गेली · गुरुवार, रात्री ८.२०

एका संस्थेच्या एथिक्स कमिटीचं कागदपत्रांचं काम बघतो. रुक्ष आहे, पण वेळेवर कळलेलं बरं.

परदेशी पैसा किंवा सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनाला आपली कमिटी पुरत नाही. आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे जावं लागतं. तुमच्या ट्रस्टला थेट परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ‘आमच्याकडे घ्या आणि त्यांना द्या’ हा जुना मार्ग बंद. संयुक्त पदवीच्या गप्पा निघाल्या तर यूजीसीचे २०२२ चे नियम वाचा, नॅकमध्ये किमान ३.०१ किंवा रँकिंग लागतं. शिवाय आपण नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली, वर नर्सिंग कौन्सिल. कॉलेजच्या पातळीवर संयुक्त पदवी देतो म्हणणारा माणूस एकतर भोळा आहे किंवा नाही.

म्हणून पहिल्या दोन वर्षांत पैसा नको, पेशंटचे तपासणीचे नमुने नकोत. शिकवणं आणि वेळ एवढंच ठेवा.

सिद्धेश्वर_पेठ · गुरुवार, रात्री ९.०५

विषय निघालाय तर सांगतो. परदेशात जाऊन शिकवून आलेला, खरं तर न आलेला, पहिला सोलापूरकर म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, बाकीचे परतले, हे राहिले. भाषा शिकले, ऑपरेशनं केली, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले, तिथल्या पोरांना शिकवलं. लग्न केलं तेही नर्सिंग शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी. १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. पाहुण्यांना भैय्या चौकातलं स्मारक दाखवा. तळ्यावरच्या फोटोपेक्षा बरं.

कडक_भाकरी · गुरुवार, रात्री ९.१२

चीनचे पाहुणे असते तर जमलं असतं. हे युरोपातले हायेत.

सुईदोरा · शुक्रवार, रात्री ११.३०

सगळं वाचलं, काही दोनदा. बार्शीच्या ताईंच्या थिसिसवर हसले आणि मग आठवलं, माझाही तसाच होता.

एक गोष्ट मनात घोळतेय. मागे आम्ही वेदना मोजायला मॅकगिल प्रश्नावली वापरायचं ठरवलं होतं. मेलझॅक यांनी १९७५ ला केलेली, तिच्यात वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द आहेत. भाषांतर करायला बसलो आणि अडलो. कारण आमची पेशंट म्हणते ठणकतंय, ठसठसतंय, चमक मारते, कळ येते, सणक जाते, भगभग होते, रग लागते, मुंग्या येतात. यातलं प्रत्येक वेगळं असतं आणि नर्सला त्यातून काही तरी कळतं. ठसठसतंय म्हटलं की मी आधी पू झालाय का बघते. भगभग म्हटलं की लघवीचं विचारते. इंग्रजी खान्यांत हे बसवताना निम्मं सांडलं. शिवाय पूर्व भागातल्या आज्ज्या तेलुगूत सांगतात, अक्कलकोटकडच्या कन्नडात. मुली एकमेकींना विचारून काम भागवतात. चार भाषांच्या वॉर्डात वेदनेचे शब्द गोळा करायचे, हा विषय इथून निघालेला आहे, तिकडून आलेला नाही. दुसरा विषय वारीचा. आषाढीला पंढरपूरला ड्युटी लागते तेव्हा आम्ही शेकड्याने पाय धुतो आणि पट्ट्या बांधतो, त्यात मधुमेहाचे किती, त्यांना पायाला लागलेलं कळतं का, हे कुणी वहीत उतरवत नाही. या दोन्हींना पैसा जवळपास लागत नाही. शिकवणारं माणूस लागतं, जे म्हणेल की तुझी नोंद अशी नको, अशी कर.

तर पान असं लिहिलंय. त्यांची एक क्लिनिकल शिक्षिका वर्षातून सहा आठवडे आमच्या दोन वॉर्डांत, एक ट्यूटर आणि एक परिसेविका अशा जोडीबरोबर. त्या काळात ट्यूटरला वर्गाचे तास नाहीत, हे आमच्या कॉलेजने लिहून द्यायचं. संशोधनाचा प्रश्न इथल्या वॉर्डातून निघेल आणि पहिल्या पेपरवर पहिलं नाव इथलं असेल. विद्यार्थिनी येतील तेवढ्याच जातील, जाणाऱ्यांचा खर्च ते करतील, नाहीतर हे कलमच नको. आणि भरतीची कुठलीही संस्था यात नसेल.

चुकलंय का काही?

निवृत्त_अधिसेविका · शनिवार, सकाळी ६.०५

परिसेविकेला काय मिळणार ते लिहिलंच नाहीस. तिच्या अंगावर काम वाढणार, तुझ्या नावावर पेपर येणार. तिचंही नाव घाल, आणि त्या सहा आठवड्यांत तिला नाइट लावायची नाही हे हॉस्पिटलकडून लिहून घे.

लीड्सची_सून · शनिवार, दुपारी ३.००

एक फुकटची गोष्ट मागा. तिकडची विद्यापीठं बाहेरच्या माणसाला ‘मानद व्याख्याता’ करतात, त्याला पगार नसतो पण लायब्ररीचं लॉगिन मिळतं. तुम्ही खासगी कॉलेज, सरकारी संस्थांसाठी २०२५ ला आलेली ती जर्नल्सची योजना, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, तुम्हाला नाही. दोन लॉगिन म्हणजे सगळ्या एम.एस्सी.च्या पोरींना जर्नल्स.

बार्शीची_पोर · शनिवार, दुपारी ३.०४

हे मागाच मागा!! मी परवा एका पेपरसाठी लेखिकेला ईमेल केला, तिने पाठवला बिचारीने.

किगाली_ते_कुर्डुवाडी · शनिवार, रात्री ८.४०

पहिल्या नावावर अडतील, तयारी ठेवा. ‘दोन्हीकडचं एकेक, आळीपाळीने’ म्हणतील. घ्या. आणि आपला शेजारी बघा, कराचीचं आगा खान विद्यापीठ. नर्सिंग स्कूल १९८० ला सुरू, कॅनडाच्या मॅकमास्टरशी भागीदारी, १९८८ ला डिग्री, २००१ ला मास्टर्स. पुढे त्यांनीच केनिया, युगांडा, टांझानियात नर्सिंगचे अभ्यासक्रम काढले. एकाच विद्यापीठाशी एवढी वर्षं. तुमच्या फायलीत हा धरून तीन वेगवेगळे करार, तिथेच गोची आहे.

सुईदोरा · सहा आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१५

उशीर झाला, परीक्षा चालू होत्या. काय झालं ते सांगते.

पाहुण्या आल्या, दोन बाई आणि एक गृहस्थ. आमच्या लोकांनी त्यांना आधी स्मार्ट बोर्ड दाखवला, मग ऑडिटोरियम. त्यातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, वॉर्ड कुठे आहे? तिथे त्यांनी एका सेकंड इयरच्या मुलीला ड्रेसिंग करताना पाहिलं आणि मला हळूच विचारलं, हिला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, सिस्टरने. सिस्टर तिथेच होत्या, ओशाळल्या. मग पाऊण तास त्या दोघी आणि मध्ये मी, दुभाषी. त्यांच्याकडेही ट्यूटर वॉर्डात जात नाहीत अशी तक्रार आहे म्हणे. एवढं ऐकून मला बरं का वाटलं कोण जाणे.

मंजूर झालं ते असं. सहा नाही, चार आठवडे, तेही पुढच्या जानेवारीत (गड्ड्याच्या जत्रेत येतायत, राहायची सोय कशी करायची देव जाणे). ट्यूटरला तास नाहीत हे प्राचार्यांनी ‘शक्यतो’ हा शब्द घालून मान्य केलं. लॉगिन दोन, लगेच. पहिल्या नावाचं आळीपाळीवर आलं, किगालीवाले दादांचं बरोबर निघालं. देवाणघेवाणीचं कलम मी काढायला लावलं तर आमच्याच ट्रस्टींना वाईट वाटलं, म्हणून ते राहिलंय. त्यात ‘निधी उपलब्ध झाल्यास’ आहे. परिसेविकेच्या नाइटचं हॉस्पिटलने लिहून दिलं नाही, तोंडी हो म्हणालेत. भरतीचं कलम मात्र दोन्हीकडून एका मिनिटात झालं.

वेदनेचे शब्द लिहायला सुरुवात केलीय. वहीत एकशे चार झाले, तेलुगूचे वेगळे.

निवृत्त_अधिसेविका · सोमवार, सकाळी ६.१०

तोंडी हो म्हणजे नाही. पुन्हा माग. आणि त्यांनी काही सामान दिलंय का?

सुईदोरा · सोमवार, सकाळी ७.३०

एक आयव्हीचा नकली हात दिलाय, सलाइन लावायच्या सरावासाठी. किल्ली सिस्टरकडे आहे मॅडम, दुसरी माझ्याकडे. परवा नाइटला मुलींनी काढून वापरला.

कडक_भाकरी · सोमवार, सकाळी ९.००

आणि फ्रेम?

सुईदोरा · सोमवार, सकाळी ९.०६

झालीय. फिल्टरवर जागा नव्हती, जिन्यात लावलीय.